टकटकणारी डिस्क आणि ‘नवीन फोल्डर (३)’

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं की बाबा नुसतं "हं, हं" करतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून विचारतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

पहिली गोष्ट, तुमच्या जुन्या लॅपटॉपमधलं काहीही गेलेलं नाही. म्हणजे जवळजवळ. ते खाली सांगते.

बाबा, तुम्ही ज्याला वर्षभर "पंख्याचा आवाज" म्हणत होतात ना, तो पंखा नव्हताच. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिच्यावरचं वाचणारी दांडी अडखळायला लागली की अशी टकटक येते. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, म्हणून नव्या लॅपटॉपला हात लावायच्या आधी तिचा क्लोन केला. क्लोन म्हणजे कॉपी-पेस्ट नाही. विंडोज, प्रोग्रॅम, फॉन्ट, सगळ्यासकट अख्खी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. इतकी हुबेहूब, की तुमचा तुडुंब भरलेला रिसायकल बिनही तस्साच आलाय. तो तेवढा रिकामा करा हो.

दुकानात ४८० जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली नव्या प्रकारची डिस्क) स्वस्तात मिळत होती. पण नवी डिस्क जुनीपेक्षा जराशी जरी लहान असली तरी क्लोनझिला सहसा अडून बसतं, म्हणून ५०० चीच घेतली. (क्लोनझिला म्हणजे क्लोन करायचा प्रोग्रॅम. फुकट आहे, तैवानच्या लोकांनी केलेलं. पेनड्राइव्हवरून चालतं.) आता ५०० च्या डिस्कवर ४६५ च दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

खरी भीती वाटली ती पुढे. स्क्रीनवर दोन डिस्का, दोन्ही सारख्याच आकाराच्या, आणि प्रश्न एकच : कुठून कुठे? उलटं निवडलं असतं तर कोरी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरली असती आणि बारा वर्षांचा संसार पुसला गेला असता. मागचं झाकण उघडून जुन्या डिस्कच्या स्टिकरवरचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला, स्क्रीनवरच्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला, मग एंटर दाबलं. त्यात लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. रात्रभर वीज जाऊ नये म्हणून देवाला हात जोडून बसले होते.

पहिल्या खेपेला अर्ध्यातच थांबलं. डिस्कवर खराब जागा होत्या. दुसऱ्यांदा "वाचता येत नाही ते सोडून पुढे जा" असं सांगून चालवलं, तेव्हा पहाटे पूर्ण झालं. तीन फाइल्स बिघडल्या. बाबा, तुमच्या ‘महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे-२’ आणि ‘नवीन फोल्डर (३)’ वरून मी किती वेळा कटकट केली असेल! सोसायटीचं २०१७ चं इतिवृत्त आणि कोकणातला तो फोटो, दोन्हींच्या जास्तीच्या प्रती ‘नवीन फोल्डर (३)’ मध्ये धडधाकट सापडल्या. माघार घेते. तिसरी फाइल म्हणजे आईच्या साठीचा व्हिडिओ. मावशी उखाणा घ्यायला लागते आणि नाव यायच्या आत थांबतो. आई, मावशीच्या फोनमध्ये आहे का विचार.

आता बाबांचा प्रश्न : क्लोन नव्या लॅपटॉपमध्येच का नाही बसवला? एक तर तो बसत नाही, नव्यात च्युइंगगमच्या पट्टीएवढी डिस्क लागते. आणि बसला असता तरी उपयोग नव्हता. त्यात तुमचं जुनं विंडोज १० आहे, आणि त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच बंद झाले. म्हणून क्लोन जुन्याच लॅपटॉपमध्ये घातलाय. तो आता चहाचा घोट घेईपर्यंत सुरू होतो. तुमचं श्रीलिपी, ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्यात आहे तसं चालतंय. पण अपडेट नाहीत, म्हणून त्या लॅपटॉपवर इंटरनेट वापरायचं नाही, बँक तर मुळीच नाही.

नव्यात फक्त फाइल्स नेल्या. तुमची जुनी मराठी पत्रं उघडली तर सगळा इंग्रजी अक्षरांचा भेळपुरीसारखा कालवा. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, फॉन्ट नसला की सोंग उघडं पडतं. तेवढे फॉन्ट नेऊन टाकले, आता वाचता येतात. नवं लिहाल ते मात्र युनिकोडमध्येच लिहा, त्यात मराठी अक्षरांना स्वतःच्या जागा असतात. कीबोर्ड लावून ठेवलाय.

शनिवारी मामा येतोय, त्याच्याबरोबर दोन्ही लॅपटॉप पाठवते. टकटकणारी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी दिलीय. तिच्यावर तुमचं पॅन, आधार, पासबुक सगळं आहे, तेव्हा ती भंगारवाल्याला द्यायची नाही. कपाटात ठेवा, मी आले की बघते.

तुमची,
चिमी

ता. क. पासवर्ड तोच ठेवलाय. पण बाबा, तो कालनिर्णयावरून खोडा.