आधी नस, मग गाठ

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस झाल्यावर माझ्या 16 वर्षांच्या मुलाच्या उजव्या पायातील चप्पल रानातून येताना वारंवार गळून पडू लागली, तेव्हा आम्ही काळ्या जमिनीच्या चिखलाला दोष देऊन मोकळे झालो. पुढे कोरड्या फरशीवरही त्याचा चवडा घासू लागला. एका दवाखान्यात कंबरेची नस दबली असावी म्हणून महिनाभर गोळ्या झाल्या. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला असलेला टणक उंचवटा कोणी चाचपून पाहिला नाही, आणि आम्हीही तो लहानपणीचा मार समजत होतो.

छत्रपती संभाजीनगरला आपण त्याच उंचवट्याजवळ बोटाने हलके ठोकलेत आणि मुलाच्या पावलापर्यंत मुंग्या गेल्या. एमआरआयनंतर आपण ऑस्टिओकॉन्ड्रोमा, म्हणजे हाडावर वाढणारी, वर कूर्चेची टोपी असलेली गाठ, हे नाव सांगितलेत. ‘गाठ’ हा शब्द ऐकून त्याच्या आईने पदर तोंडाला लावला, तेव्हा ही साधी गाठ आहे, अशा एकट्या गाठीचा कर्करोग होण्याचे प्रमाण शंभरात एखादे असते, वाढीचे वय संपले की ती सहसा वाढायची थांबते आणि पुष्कळदा तिला हातही लावावा लागत नाही, हे आपण तिलाच उद्देशून समजावलेत. मग ऑपरेशन कशाला, असे मी जरा मास्तरी थाटातच विचारले. त्यावर आपण केसपेपरच्या पाठीवर गुडघ्याखालच्या बाहेरच्या अंगाच्या बारीक हाडाची, म्हणजे फिब्युलाची, मान आणि तिला वळसा घालून जाणारी, पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवणारी पेरोनियल नस काढून दाखवलीत: तिथे ही नस हाडाला लागून, कातडीखाली उथळच असते, त्यामुळे गाठ वाढली की नसेला सरकायला जागाच उरत नाही. आधी नस शोधून मोकळी करायची, ती सांभाळून बाजूला धरायची आणि मगच गाठ तळापासून, वरच्या कूर्चेच्या टोपीसह काढायची, कारण टोपीचा अंश मागे राहिला तर गाठ पुन्हा वाढू शकते, हा क्रम मला आजही पाठ आहे.

पाय पूर्वीसारखा होईलच, असे मात्र आपण म्हणाला नाहीत. इजा झालेल्या नसेचे तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर या गतीने वाढतात, तेव्हा महिने मोजावे लागतील, एवढेच सांगितलेत. मी सर्वाधिक ऋणी आहे तो या न दिलेल्या शब्दाबद्दल. पोळ्याच्या आधी ऑपरेशन झाले आणि काढलेल्या गाठीचा तपासणी अहवालही चांगला आला. तरी बैल मिरवताना मुलगा स्प्लिंट (पावलाला आधार देणारी पट्टी) लावून ओट्यावर बसला होता आणि पाऊल तसूभर हलत नव्हते. आपण आधी बजावले नसते, तर त्या दिवसांत आम्ही नक्कीच कोणा मांत्रिकाच्या दारी गेलो असतो. दिवाळीनंतर पाऊल घोट्यातून किंचित उचलले गेले. अंगठा संक्रांतीपर्यंत रुसून होता.

पावलाच्या वरच्या बाजूला थोडी बधिरता अजून आहे. पुढच्या तपासणीला बूट न घालता चप्पल घालूनच यायचे, असा त्याचा हट्ट आहे.

आपला नम्र,
एक शिक्षक आणि पालक,
परभणी जिल्हा