आवाहन: बैठकीच्या साउंडसाठी हातभार लावा (पूर्ण वाचा, नुसता अंगठा नको)

नमस्कार मंडळी,

कमिटीने सांगितलंय की चार ओळीत लिही. पण मागच्या वेळी, एप्रिलमध्ये, चार ओळीतच लिहिलं होतं आणि अंगठेच जास्त आले, पैसे कमी, म्हणून यावेळी जरा सविस्तर. विषय एकच आहे, आपल्या महिन्याच्या गाण्याच्या बैठकीला स्वतःचा साउंड, म्हणजे स्पीकर-माईकचा सेट, घ्यायचाय. छोटा, एकट्या माणसाला रिक्षात घालून नेता येईल असा, आणि लाईट गेली तरी चालणारा. अंदाज ९५ हजार, जमलेत ३२ हजार, आणि कोजागरीच्या आत घ्यायचाय. ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबून क्यूआर स्कॅन केला तरी आमची काही तक्रार नाही.

आधी जुन्या लोकांचं नाव काढलं पाहिजे, कारण हे मंडळ काय आपोआप उभं राहिलेलं नाही. आपल्याकडे पहिला साउंड आला तो अहुजाचा अँप्लिफायर आणि दोन लाकडी कॉलम (उभे स्पीकर), तो मार्केट यार्डातल्या आपल्या हळदवाल्या अडत्यांनी दिला, आणि देताना एकच अट घातली की माझं नाव बोर्डावर लावायचं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही पण जुन्यांना कळलं असेल. मास्तरांनी रिटायर झाल्यावर पहिल्या पेन्शनमधून दोन माईक घेऊन दिले. आक्कांनी कितीतरी वर्षं गाणाऱ्यांची जेवणं स्वतःच्या घरी केली, कधी एक रुपया लावला नाही, आणि बाहेरगावचा कलाकार जाताना आक्कांच्या पाया पडून जायचा, मानधनाचं पाकीट नंतर घ्यायचा. पेटीवाले नाना तर काय बोलायचं, स्वतःची पेटी, स्वतःची सायकल, पाऊस असो नसो साडेसहाला हजर. नाना आता नाहीत, पेटी आहे, त्यांच्या सूनबाईंनी ती मंडळालाच देऊन टाकली. आणि बैठकीनंतर चहा-भडंग ठेवणारे आपले चहावाले अण्णा, त्यांची उधारी अजून पूर्ण फिटलेली नाही हेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

मग २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागात काय परिस्थिती होती ते मी सांगायला नको. हॉलच्या स्टेजखाली ठेवलेला अँप्लिफायर, कॉलम, केबलींची पेटी, सगळं चिखलात गेलं. पण आपल्या पोरांनी दोन्ही तंबोरे डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर पोचवले म्हणून तेवढे वाचले, ओल लागली होती तर मिरजेच्या सतारमेकर काकांनी ते उघडून सुकवून परत जवारी (तारांचा झंकार) लावून दिली आणि पैसे विचारले तर म्हणाले पुराचे पैसे घेत नसतो. असली माणसं आपल्या मागे आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी स्टेटस ठेवले, अभिमान आहेच, पण त्याच मिरजेचा तंबोरा आपल्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेच्या मागे ऐकू येत नाही. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक उभं केलं, ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई राहिले आणि तिथेच दर्ग्यात त्यांची कबर आहे, तिथे साठ-सत्तर माणसांना गाणं नीट ऐकवायची सोय आपल्याकडे नसावी हे मला तरी खटकतं.

पुरानंतर आपण भाड्याने साउंड आणतो. भाडं परवडत नाही हा एक भाग, त्याच्या वरताण म्हणजे गणपती ते दिवाळी कोणी मिळतच नाही, आणि मिळाला तर तो मिरवणुकीचा सेट घेऊन येतो. मागे एकदा बारा इंची दोन टॉप आणि खाली बेस असा सगळा पसारा आला, गायिका विलंबित ख्याल गातायत आणि तबल्यातल्या बायाच्या (डग्ग्याच्या) प्रत्येक घुमाऱ्याला खिडकीच्या काचा हलतायत. शेजारच्या काकू दारात आल्या, बरोबरच आहे त्यांचं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे, आपल्याला वाद्यं झाकून टाकणारा आवाज नकोच आहे. आपल्याला फक्त गळा थोडा वर यायला हवाय. तबला त्या हॉलमध्ये तसाही पोचतो, अडचण गाणाऱ्याची आणि तंबोऱ्याची आहे, आणि मागे बसणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत.

आता दोन-तीन जणांनी फोन करून सुचवलं की तो चाकांचा ट्रॉली स्पीकर घ्या, लाईटींग पण असते, दोन वायरलेस माईक फ्री. एका सभासदाने स्वतःच्या घरचा आणूनही दाखवला, त्यांचे आभार, खरंच मनापासून. पण आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येत होता आणि एको बंद करायचं बटण शोधण्यात अर्धा तास गेला. कराओकेला ठीक आहे तो. त्याच्यावर लिहिलेले हजारो वॅट बघून भुलू नका, तो आकडा पीकचा, म्हणजे क्षणभराचा, असतो, सतत किती वॅट देतो ते वेगळं असतं, आणि वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो.

आपला तबलजी पुण्याला साउंडच्या कामात आहे (हो, तोच, लहानपणी पहिल्या रांगेत झोपायचा), त्याने आणि मी मिळून बरंच बघितलं. बजेटच्या आसपास तीन गोष्टी येतात. बोसचा एस१ प्रो, सात किलोच्या आसपास, बॅटरी ११ तासांपर्यंत, पण माईकची इनपुट दोनच आणि कंडेन्सर जातीच्या माईकला केबलमधूनच लागणारी वीज, म्हणजे फँटम पॉवर, त्याच्यात नाही. जेबीएलचा इऑन वन कॉम्पॅक्ट, आठ किलो, बॅटरी १२ तासांपर्यंत आणि ती काढून दुसरी घालता येते, माईक त्यालाही दोनच. तिसरा यामाहाचा स्टेजपास ४००बीटी, दोन स्पीकर आणि आठ चॅनेलचा मिक्सर (सगळ्या माईकचे आवाज एकत्र करून कमीजास्त करायचं यंत्र) एकत्र, चार माईक लागतात, आपल्या गाण्याला हा सगळ्यात सोयीचा, पण बॅटरी नाही आणि आपल्या हॉलच्या लाईटीचा भरवसा काय सांगायचा. शिवाय आपण फक्त हॉलमध्ये नसतो, घाटावर असतो, वृद्धाश्रमात जातो, शाळेत जातो, तिथे प्लग शोधत बसायचं का.

म्हणून ठरलं ते असं: बॅटरीचा एक स्पीकर आणि त्याच्याबरोबर वेगळा छोटा मिक्सर, चार माईक लागतील आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर असेल असा, यामाहाच्या एमजी१० च्या जातीचा. लाईट असताना गायक, पेटी, तबल्याचे दोन माईक आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा असं सगळं मिक्सरमधून जाईल. लाईट गेली की मिक्सर बंद पडतो, तेव्हा गायकाचा आणि पेटीचा माईक सरळ स्पीकरच्या दोन इनपुटला लावायचा, तबला तसाच वाजेल, मैफल थांबणार नाही. हे मला पटलं. बोस की जेबीएल ते दुकानात दोन्ही ऐकून ठरवू, ऐकायला ज्यांना यायचंय त्यांनी यावं, नंतर हे का नाही घेतलं म्हणून नको.

माईकवर मात्र काटकसर करायची नाही असं माझं मत आहे, कमिटीत यावर जरा वाद झाला. गायकाला शुअर एसएम५८, १९६६ पासून लोक वापरतायत, पडला तरी चालतो, समोरचाच आवाज घेतो म्हणून शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की होते ती) कमी मारतो. पेटीला आणि तबल्याला वाद्याचे माईक. आपले गाणारे बसून गातात त्यामुळे उंच स्टँड उपयोगाचे नाहीत, बुटके बूम (आडव्या दांड्याचे) स्टँड पाहिजेत, नाहीतर पुन्हा माईकला उशी लावून उंच करायचा तो प्रकार. स्पीकर गाणाऱ्यांच्या मागे ठेवायचा नाही, बाजूला थोडा पुढे, कानाच्या उंचीवर स्टँडवर, एवढं पाळलं तरी निम्मी शिट्टी जाते. आणि कृपा करून मोबाईलवरचा तंबोरा ब्लूटूथने लावू नका, मागच्या वेळी भैरवीत कोणाची तरी रिंगटोन अख्ख्या हॉलने ऐकली.

आता थोडं मनातलं. एप्रिलमध्ये आवाहन टाकलं तेव्हा सत्तरच्या वर अंगठे आले, हात जोडलेले आले, "खूप छान उपक्रम" आले. पैसे आठ जणांचे आले. त्यातले तीन स्वतः गाणारे आहेत, म्हणजे ज्यांनी गायचं त्यांनीच माईकचे पैसे द्यायचे असं झालं. पुण्या-मुंबईला आणि तिकडे अमेरिकेत गेलेले आपले लोक बैठकीचं रेकॉर्डिंग मात्र हक्काने मागतात, आवाज क्लिअर नाही म्हणून तक्रार पण करतात. राग नाही, पण वाईट वाटतं. डीजेला एका मिरवणुकीला किती जातात ते आपण सगळे वर्गणी देताना बघतो, तिथे कोणी पावती मागत नाही. बास, जास्त बोलत नाही, अध्यक्ष काका रागवतील.

हिशोब: स्पीकर आणि स्टँड ५८ हजार, मिक्सर १५, माईक तीन-चार मिळून १४, बूम स्टँड, माईकच्या (एक्सएलआर) केबली, बॅगा ८, असे ९५. भाव थोडे खालीवर होतील, तीन कोटेशन घेणार, बिल नोटीस बोर्डावर लावणार. उरले तर दुसरी बॅटरी किंवा अण्णांची उधारी. देणगी कितीही चालेल, १०० पण. बँक डिटेल आणि क्यूआर ग्रुपच्या वर पिन केलेत, पैसे पाठवले की नाव आणि "साउंड" असा मेसेज टाका म्हणजे पावती करता येईल, रोख द्यायचे तर खजिनदार वहिनींकडे संध्याकाळी सात ते साडेआठ, गुरुवार सोडून. मंडळ रजिस्टर्ड आहे पण ८०जी (देणगीवर इन्कमटॅक्सची सूट) नाही, आधीच सांगतो. शेवटची तारीख नवरात्राची सातवी माळ. दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायचा विचार आहे. कोणाची दुकानात ओळख असेल, डिस्काउंट मिळणार असेल तर उद्याच फोन करा, परवा नको.

पैसे शक्य नसतील तर दुसरी कामं आहेत. साउंड शिकून घ्यायला दोन पोरं किंवा पोरी पाहिजेत, तबलजी दर वेळी पुण्याहून येऊ शकत नाही, तो दोन रविवार शिकवायला तयार आहे. महिन्यातून एकदा चारचाकी देणारे कोणी असतील तर सांगा.

आणि एक महत्त्वाचं राहिलं, साउंड ठेवायला जागा. हॉलच्या स्टेजखाली आता काहीही ठेवणार नाही असा ठराव झालाय. गावभागात कोणाकडे पहिल्या नाही तर दुसऱ्या मजल्यावर कुलपाची खोली किंवा मोठं कपाट असेल तर लगेच कळवा. भाडं देता येणार नाही, चहा-भडंग नक्की मिळेल, अर्थात अण्णांनी दिला तर.

आपला,
चिटणीस
(कमिटीच्या वतीने, मनातलं सोडून)