उद्यमनगरच्या मिस्त्री मामांना

मामा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर एवढं मोठं काही वाचत नाही हे माहितीय, पण नातवाला सांगून ठेवलंय, तो वाचून दाखवेल. तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बास की आता, तेरा-चौदा दे" म्हणता आणि परत बॉनेटखाली घुसता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. आता पाना मागायची सोय नाही.

इतरांसाठी सांगतो. आमची पद्मिनी १९७५ ची. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळालं, त्याआधी फियाट म्हणूनच सगळे ओळखायचे आणि आमच्या घरात ती अजून फियाटच आहे. बाबा गेल्यावर अकरा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली होती, मागच्या सीटवर मांजरीच्या तीन पिढ्या झाल्या. मग मला हुक्की आली. आधी एका गॅरेजला दिली, नाव घेत नाही जाऊ दे, त्यांनी भरपूर पैसे घेऊन चकाचक रंग मारून दिला आणि मी येडा गाडी टो करून तुमच्याकडे आणली, म्हणलं फक्त इंजिन चालू करून द्या. तुम्ही इंजिनकडे बघितलंच नाही. खिशातनं स्पीकरचं मॅग्नेट काढलं, दाराखालच्या पट्टीला लावलं, ते टपकन खाली. परत लावलं, परत खाली. मग स्क्रू ड्रायव्हर घातला तर बोटभर पुट्टी आणि तिच्यामागं नुसता गंजाचा भुगा. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, चहा मागवलात.

इंजिन जाम होतं. मला वाटलं टोचन लावून ओढलं की सुटेल, तर तुम्ही चारही प्लग काढून आत ऑइल-डिझेल सोडलं आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. नंतर रोज क्रँकच्या नटाला पाना लावून जरा जरा हलवायचं, तेही मलाच करायला लावलंत. नवव्या की दहाव्या दिवशी पाना हातातनं एकदम पुढं गेला आणि मी खाली बसलो, तो क्षण मी बायकोला अजून सांगतो, ती अजून ऐकते.

पण खरे आभार त्या यादीसाठी. रील्स बघून मी यादी करून आलेलो, अलॉय व्हील, मारुतीच्या बकेट सीटा, मॅट काळा रंग आणि स्टेअरिंगवरचा गिअर काढून खाली फ्लोअरला. तुम्ही वाचली, घडी घातली, ग्रीसच्या डब्याखाली ठेवली. "ही गाडी करायची हाय का दुसरी?" एवढंच. मला राग आला होता मामा, खरं सांगतो, वाटलं म्हाताऱ्याला नवीन काय जमत नाही.

आणि तो गिअर. दांडी नुसती खुळखुळायची, दुसरा टाकायला गेलं की कुठं जायची तिलाच माहीत. मी म्हणत होतो सिस्टीमच बेकार आहे. तुम्ही बोनेटखालच्या लिंका सोडून माझ्या तळहातावर एक बुश ठेवला, म्हणजे लिंकेच्या सांध्यात बसते ती छोटी नळी, भोक गोल नव्हतंच, अंडं झालेलं. मग पलीकडच्या लेथवर गनमेटलचे नवीन बुश ओढून आणलेत, पहिला जरा घट्ट झाला तर परत धाडलात. बसवल्यावर दांडी वर केली, टक. खाली केली, टक. बाबा असंच टाकायचे, तेव्हा मी दोघांच्या मध्ये पुढच्या लांब सीटवर बसायचो. बकेट सीटांचा विषय मी परत काढला नाही.

सगळ्यालाच नाही म्हणालात असंही नाही. डायनामो काढून अल्टरनेटर घातला, हेडलाईटला रिले दिले, मागच्या सीटला सीटबेल्ट बसवायला तर तुम्हीच लावलेत, "पोरं बसणार हायत." आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये मी सुई घातली तेव्हा खाल्लेल्या शिव्या इथं लिहीत नाही. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते, हे आता झोपेतपण सांगेन.

नंतर कळलं की २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं. माझी यादी झाली असती तर मूळ रूप कुठलं उरलं असतं! वीस हजार फी आहे, पण मग रोजच्यासारखी रस्त्यावर काढता येत नाही. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "मग काय हार घालून ठेवतोस?" तर अजून तरी नोंदवलेली नाही.

मागच्या महिन्यात आंबा घाटात नेली. निम्म्यात खोकायला लागली, बंद. तुम्ही डिकीत टाकलेला पंचा ओला केला, इंजिनाजवळच्या तापलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळला, दहा मिनिटं कट्ट्यावर बसलो, चावी मारली, चालू. मागनं येणारा एक टेम्पोवाला थांबून बघत होता, म्हणला कोण मिस्त्री? मी तुमचा पत्ता दिलाय.

राहता राहिलं बिल. पिस्टन रिंगच्या खोक्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, त्यात लेथचे पैसे आहेत, सामानाचे आहेत, तुमच्या मजुरीपुढं नुसती रेघ. मी तीनदा विचारलं, तीनदा विषय बदललात. रविवारी येतोय, डाव्या मागच्या ड्रमातनं कुईकुई आवाज येतोय तो बघायचाय आणि ती रेघ भरायचीय. पेन मी आणतो.

तुमचा,
फियाटवाला