सईस पत्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

एमएस्सी करून शेवटी मुलांच्या दुर्मीळ आजारांच्या अभ्यासासाठी फॉर्म भरून घ्यायचंच काम नशिबी आलं, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

लहान मुलांच्या दुर्मीळ आजारात सगळं अडतं ते मुलं विखुरलेली असतात म्हणून. एक बडोद्यात, दुसरं बीडला, तिसरं पार ब्राझीलमध्ये. त्यांना एका वहीत आणणारं माणूस नसेल तर संशोधन सुरूच होत नाही.

प्रोजेरियाचं बघ. मूल भराभर म्हातारं होतं. साधारण 40 लाख जन्मांमागे एखादं. डॉ. लेस्ली गॉर्डन यांच्या मुलाला तो निघाला, आणि 1999 मध्ये घरच्यांनीच संशोधनासाठी संस्था काढली. मुलांची नोंदणी, पेशींची बँक, तब्येतीच्या नोंदी, सगळं एका जागी आणलं. 2003 मध्ये जनुकातला दोष सापडला. 2007 मध्ये बॉस्टनला औषधाची पहिली चाचणी सुरू झाली, 16 देशांतली 28 मुलं घेऊन. व्हिसा, तिकिटं, दुभाषे, घाबरलेले आईबाप... कुणीतरी हे सगळं जुळवलंच ना? 2020 मध्ये त्या औषधाला, लोनाफार्निबला, अमेरिकेत मान्यता मिळाली. मुलं इतकी थोडी, त्यातल्या निम्म्यांना औषधाविना कसं ठेवणार? म्हणून तुलना केली ती औषध न मिळालेल्या मुलांच्या नोंदींशी. आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढतं, हे त्यावरून कळलं. सई, त्या नोंदींतली कितीतरी मुलं तोवर गेली होती. त्यांची माहिती कुणीतरी नीट लिहून ठेवली होती, म्हणून मागून आलेल्यांना औषध मिळालं.

माझ्याकडे दांडिया बाजारच्या क्लिनिकात ड्यूशेनची, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करत नेणाऱ्या आजाराची, मुलं येतात. पोटऱ्या फुगलेल्या. जमिनीवरून उठायचं तर आधी ओणवं होतात, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उभी राहतात. त्याला किती सेकंद लागले, हे या आजाराच्या अभ्यासातलं मोठं माप. एका केंद्राने बूट घालून मोजलं, दुसऱ्याने अनवाणी, तर सगळे आकडे मातीमोल. तू केंद्रांना पुन्हा पुन्हा फोन करून हेच विचारतेस ना? मग कंटाळू नकोस.

आपल्याकडे 2021 मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आलं, उपचारांसाठी केईएम, एम्ससारखी केंद्रं ठरली, पुढे एका रुग्णामागची मदत 50 लाख रुपयांपर्यंत गेली. पण कुठल्या आजाराची मुलं किती आणि कुठे, हे सांगता आलं नाही तर सरकारकडे मागायचं तरी काय?

एक मात्र बजावून सांगते. घरी फोन लावशील तेव्हा आधी मुलाचं नाव घे, नोंदणी क्रमांक नंतर. समोरची आई गुजराती असेल तर गुजरातीतच बोल, तुला येतंच. आणि अभ्यास संपला की काय निघालं ते कळव. माझ्याकडच्या एका आईने कुठल्याशा अभ्यासासाठी मुलाचं रक्त दोनदा दिलं; पुढे काय झालं ते तिला कुणी सांगितलंच नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली. तिला कुठल्या तोंडाने समजावू? औषध लागू पडलं नाही, चाचणी बंद पडली, तरी तो फोन तूच कर. ईमेलवर भागवू नकोस.

उठण्याचं माप घ्यायची तुमच्याकडची पद्धत लिहून पाठव. इथल्या मुलांच्या नोंदी मी यापुढे तशाच ठेवीन, म्हणजे उद्या त्यांच्या आईबापांनी नाव नोंदवायचं ठरवलं तर त्या तुमच्या कामी येतील.

तुझी,
आई