कोड्यांच्या पानावर पत्त्यांचे नियमही येऊ द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या कोड्यांच्या पानावर सुडोकू असतं, बुद्धिबळ असतं, मस्तच, पण मॅजिक द गॅदरिंगच्या नियमांचे प्रश्न पण द्या ना. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ साली आणलेला हा कार्डांचा खेळ, नियमावली २०० पानांच्या वर, आणि आपल्याला सगळं येतं असं वाटतं तेव्हाच नेमकं चुकतं.

हे बघा, माझ्याकडे २/२ चा प्राणी आहे, म्हणजे ताकद २ आणि २ डॅमेज झालं की मेला, तुम्ही त्याच्यावर ३ डॅमेजचा लाइटनिंग बोल्ट टाकला, लगेच मी जायंट ग्रोथ हे कार्ड खेळलो म्हणजे दोन्ही आकडे तीनने वाढले (+३/+३), तर प्राणी वाचतो, कारण शेवटी टाकलेलं कार्ड आधी लागू होतं आणि तो ५/५ झाल्यावर बोल्ट पोचतो. आता क्रम उलटा करा, ग्रोथ मी आधी टाकली आणि ती लागू व्हायच्या आत तुम्ही बोल्ट मारला तर प्राणी मेला, ग्रोथ फुकट! कार्डं तीच, फक्त क्रम बदलला.

यात नशीब नाही, निव्वळ तर्क आहे. पोरं तासन् तास वाद घालतात यावर आणि नियम काढून वाचतात, मला फार आवडतं ते. आठवड्याला एकच प्रश्न द्या, उत्तर मात्र कारणासकट हवं.

- एक नियमित वाचक, पुणे