तक्रार पत्र : खाडीकाठासाठी म्हणून विकलेल्या ग्रॅव्हल सायकलची वॉरंटी नाकारल्याबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि.

गेल्या दिवाळी पाडव्याला कोल्हापुरातल्या तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून मी तुमच्या कंपनीची ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या वाटांसाठीची सायकल, विकत घेतली. वर्ष पुरं व्हायच्या आत तिचा बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग) जाम झाला आणि मागच्या चाकाची निपल (चाकाच्या तारा रिमला आवळून धरणारे छोटे नट) कुजून फुटू लागली. वॉरंटीत दुरुस्ती मागितली, तर दोन ओळींचा मेल आला. त्यात म्हटलं होतं, सायकल खाऱ्या परिसरात वापरली गेल्यानं वॉरंटी लागू होत नाही. हा निर्णय मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

ही सायकल मी निवडली ती तुमच्या माहितीपुस्तिकेवरून. तिच्या मुखपृष्ठावर ओल्या पुळणीवरून जाणारा सायकलस्वार आहे, त्याच्यामागे कांदळवन दिसतं. आतल्या पानावर किनारा, दलदल आणि चिखल यांसाठी ही सायकल बनवल्याचं ठळक लिहिलं आहे. दुकानात मी स्पष्ट विचारलं होतं, की मला घाटात पळवायची सायकल नको, नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या सपाट कच्च्या वाटांवर चालणारी हवी. त्यावर विक्रेत्यानं हेच मॉडेल पुढं केलं.

मी कुठं फिरतो ते सांगणं गरजेचं आहे, कारण तुमच्या मेलमधला ‘खारा परिसर’ हा शब्द फार ढोबळ आहे. माझं बरंचसं फिरणं शिरोळ तालुक्यात होतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथून कुरुंदवाड आणि पुढं खिद्रापूरच्या कोपेश्वरापर्यंत सगळा मुलूख सपाट. उसातून जाणाऱ्या पाणंदी, मळीची जमीन, पावसाळ्यात महिना महिना न वाळणारा गाळ. याच तालुक्यात क्षारपड जमिनीही आहेत. उसाला वर्षानुवर्षं पाणी जास्त दिलं गेलं, निचरा झाला नाही, भूजल वर आलं आणि त्याबरोबर क्षारही वर आले. उन्हाळ्यात तिथल्या बांधांवर पांढरा थर दिसतो. समुद्र इथून शंभराहून जास्त किलोमीटर लांब आहे, तरीही टायरला क्षार लागतोच. म्हणजे तुमचा नियम जसाच्या तसा लावला, तर आमच्या कितीतरी पाणंदीही वॉरंटीबाहेर जातील.

जमेल तेव्हा सायकल गाडीवर लादून गगनबावड्यामार्गे घाट उतरून मालवणकडंही जातो. तारकर्लीहून देवबागपर्यंत एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. आत कुठंकुठं खाजणात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेले बंधारे आहेत, त्यांच्या माथ्यावरून जाता येतं. जांभ्याची लाल खडी, कडेला कांदळवन, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि त्यात चालणारे बगळे. मला या सायकलिंगचं वेड आहे. चढ-उताराची दगदग नाही, वाहनं नाहीत, तासन्‌तास एका लयीत जाता येतं.

पण सपाट वाटेवर उतार नसतो, त्यामुळं पॅडल थांबतच नाही. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की सपाटीवरही चढासारखा जोर लावावा लागतो. सगळा ताण बॉटम ब्रॅकेटवर येतो. तुम्ही या मॉडेलला फ्रेममध्ये दाबून बसवलेला प्रेसफिट ब्रॅकेट दिला आहे. सीटट्यूबमधून (सीटखालच्या उभ्या नळीतून) आणि चेनस्टेमधून (ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडं जाणाऱ्या नळ्यांमधून) पाणी आत येतं, ब्रॅकेटच्या कवचात साठतं आणि तळाला निचऱ्याचं भोकच नसल्यानं तिथंच राहतं. आमच्या गंगावेशीतल्या मिस्त्रींनी तो माझ्यासमोर काढला. आत तपकिरी पाणी होतं, बेअरिंगचं सील बाहेरून शाबूत होतं आणि छर्रे मात्र गंजून एकमेकांना धरून बसले होते. आट्यांचा ब्रॅकेट असता तर साध्या पान्यानं काढून, ग्रीस भरून परत बसवता आला असता. चिखलासाठी म्हणून विकलेल्या सायकलच्या तळाला एक भोक पाडायचं राहून जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

निपलांची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथं जिवाशी गाठ आहे. तारा स्टेनलेस स्टीलच्या आणि निपल अ‍ॅल्युमिनियमची. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असताना मधे खारं पाणी आलं, की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. माझ्या चाकात रिमजवळ पांढरी भुकटी जमली होती. पाणंदीतून येताना एक निपल डोक्यापाशी तुटलं, चाक आउट झालं, म्हणजे वाकडं फिरू लागलं, आणि टायर फ्रेमला घासू लागला. मिस्त्रींनी रिमवरची टेप काढून पाहिलं, तेव्हा आणखीही निपलांना चिरा गेलेल्या होत्या. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येत असताना हेच घडलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पितळी निपल वजनाला थोडी जड असतात, पण अशा जागी जास्त टिकतात. चाकं बांधणाऱ्या कुठल्याही अनुभवी माणसाला हे माहीत असतं. ग्रॅमभर वजनासाठी तुम्ही ती टाळली.

तिसरी तक्रार चिखलाच्या जागेची. सायकलला तुम्हीच ४५ मिलिमीटरचे टायर बसवून दिले आहेत आणि मागच्या चेनस्टेपाशी दोन्ही बाजूंना जेमतेम ४ मिलिमीटर फट उरते. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटून बसते. त्यात उसाचं पाचट मिसळलं की ती फट भरायला शंभर पावलंही लागत नाहीत. चाक फिरायचं थांबतं आणि अडकलेली खडी रंग खरवडून काढते. चेनस्टेचा रंग जाऊन आतला धातू उघडा पडला आहे. तुमच्या मेलमध्ये याला ‘दिसण्यापुरता दोष’ म्हटलं आहे. उघड्या धातूवर खारं पाणी बसणार असेल तर तो दिसण्यापुरता कसा? ब्रेक पॅड लवकर झिजले त्याबद्दल मी काही म्हणत नाही, वाळूत ते झिजायचेच.

निष्काळजीपणाचा मुद्दा तुमच्या विक्रेत्यानं तोंडी काढला, म्हणून लिहितो. खाडीकाठावरून आल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्यानं धुतली जाते, बादली आणि मऊ ब्रशनं, तुमच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणं जोराचा फवारा न वापरता. मग कोरड्या फडक्यानं पुसून चेनला तेल. सर्व्हिसिंग तुमच्याच विक्रेत्याकडं झाली आहे आणि त्याच्या पावत्या जोडल्या आहेत. पुस्तिकेत किंवा वॉरंटी कार्डावर खाऱ्या पाण्याबद्दल एक शब्दही नाही. ती अट मला पहिल्यांदा तुमच्या नकाराच्या मेलमध्ये दिसली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. उत्पादनाचं खोटं वर्णन करणं आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं, दोन्ही तिच्यात येतात. पुळणीवरचा फोटो छापायचा आणि पुळणीवर नेली म्हणून वॉरंटी नाकारायची, हे त्याखाली येतं असं माझं म्हणणं आहे. तुमच्या बिलावर वाद तुमच्या शहराच्या न्यायकक्षेत चालतील असा शिक्का आहे. पण याच कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते आणि कलम ६९ नुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मला ती वेळ येऊ द्यायची नाही. ही सायकल मला आवडते. तिचं हँडल, तिची बैठक, खडीवर तिचं सरळ चालणं, यांत मला काही खोट काढायची नाही. म्हणूनच ती दुरुस्त होऊन परत हवी आहे.

माझ्या मागण्या अशा. बॉटम ब्रॅकेट विनामूल्य बदलून द्यावा आणि कवचाच्या तळाला निचऱ्याचं भोक पाडून द्यावं. ते घरी पाडलं तर फ्रेमची वॉरंटी जाईल, म्हणून ते काम तुमच्याकडूनच व्हायला हवं. दोन्ही चाकं पितळी निपल घालून नव्यानं बांधून द्यावीत. पुढच्या चाकाची निपल अजून तुटलेली नाहीत, पण ती त्याच धातूची आहेत. चेनस्टेला रंग आणि संरक्षक पट्टी लावून द्यावी आणि या फ्रेममध्ये चिखलात किती रुंदीपर्यंतचा टायर चालतो, ते लेखी कळवावं. मिस्त्रींच्या तपासणीचा खर्च परत मिळावा. आणि खाऱ्या पाण्याची अट खरोखर ठेवायची असेल, तर ती वॉरंटी कार्डावर छापावी आणि मुखपृष्ठावरचा फोटो काढावा. माझ्याबरोबर फिरणाऱ्या दोघांनी हेच मॉडेल घेतलं आहे. त्यांची चाकंही तपासून द्यावीत.

पावसाळा तोंडावर आहे. एकदा पंचगंगा पात्राबाहेर आली की शिरोळकडच्या वाटा बंद होतात, त्यामुळं काम त्याआधी व्हावं. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते न आल्यास मी प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकाला तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाईन. तुटलेली निपल आणि काढलेलं बेअरिंग मी जपून ठेवलं आहे. तुमच्या तंत्रज्ञाला ते कोल्हापुरात येऊन पाहता येईल, कुरिअरनं मात्र मी ते पाठवणार नाही.

आपला ग्राहक,
कोल्हापूर

सोबत : खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिसिंगच्या पावत्या, बिघडलेल्या भागांची छायाचित्रं, माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठाची प्रत आणि तुमच्या नकाराचा मेल.