तुझ्या नोटिशीबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

पार्टनरच्या तक्रारीवरून तुला पोलिसांची नोटीस आलीय, त्याबद्दल काल फोनवर बोलताना तू इतका गडबडलेला होतास की माझं अर्धं बोलणं तुझ्या डोक्यावरून गेलं असणार, म्हणून हे लिहून पाठवतोय. शांतपणे वाच, वहिनींनाही वाचायला दे. आणि "मी काही केलंच नाहीये तर वकील कशाला, वकील नेला तर त्यांना वाटेल यानेच काहीतरी केलंय" हे जे तू दोनदा म्हणालास ना, ते आधी मनातून काढ. मी सिव्हिल (दिवाणी) साइडचा वकील असलो तरी कोर्टात रोज हेच बघतो, ज्यांनी खरंच काही केलेलं नसतं तेच लोक पोलीस स्टेशनला जाऊन भरभरून बोलतात, सगळं समजावून सांगायला जातात, आणि मग त्यातलंच एखादं वाक्य धरून पुढचा तपास त्यांच्यावर येतो.

पहिलं काम म्हणजे नोटिशीवर कलम कुठलं लिहिलंय ते बघ. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे तपास-अटक-जामिनाची पद्धत ठरवणारा जुना कायदा, गेली आणि तिच्या जागी बीएनएसएस आली, त्यामुळे आकडे बदललेत. कलम १७९ असेल तर तुला साक्षीदार म्हणून बोलावलंय, ९४ असेल तर कागदपत्रं हवीयत, आणि ३५(३) असेल तर तू त्यांच्या लेखी संशयित आहेस. हे तिसरं असेल तर माझं ऐक, वकिलाशी बोलल्याशिवाय त्या पायरीवर पाय ठेवू नको. पण जायचं टाळूही नको! नोटिशीप्रमाणे हजर राहत गेलास तर त्या गुन्ह्यात सहसा अटक करता येत नाही, करायचीच असेल तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात, आणि गेलाच नाहीस तर तेच अटकेचं कारण होतं. तारीख जमत नसेल तर वकिलामार्फत लेखी पुढची तारीख मागायची आणि पोच घ्यायची. कुठलंच कलम नसेल, नुसतं "तक्रार अर्जाच्या चौकशीकामी" असं असेल तर कदाचित अजून गुन्हाच दाखल झालेला नाही, फक्त अर्ज चौकशी चालू आहे, आणि खरं सांगू का, वकील करायला सगळ्यात चांगली वेळ हीच असते, कारण तुझी बाजू कागदांसकट लेखी गेली तर प्रकरण इथेच थांबू शकतं.

आता तू विचारलंस "माझ्यावर आरोप झालाय म्हणजे नक्की काय झालंय". अरे, पार्टनरने तक्रार दिली म्हणून तू लगेच कोर्टाच्या लेखी आरोपी होत नाहीस. एफआयआर म्हणजे तपासाची सुरुवात, तपास संपला की पोलीस चार्जशीट (दोषारोपपत्र) टाकतात किंवा पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद करायचा रिपोर्ट देतात, चार्जशीट आली तरी डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच सोडून द्या असा अर्ज करता येतो, आणि तो केला नाही किंवा फेटाळला तर चार्ज फ्रेम होतो, म्हणजे कोर्ट आरोप निश्चित करतं, मग साक्षी-पुरावे. प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडायला दार आहे, फक्त ते वेळेत ठोठवायला माणूस लागतो.

तुझ्या केसमध्ये बहुधा फसवणुकीचं कलम लावतील, बीएनएस, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा, त्याचं ३१८(४), शिक्षा ७ वर्षांपर्यंत, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र. अजामीनपात्र वाचून हबकू नकोस, त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही, तो हक्काने मागता येत नाही, कोर्ट ठरवतं, एवढाच. आणि व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुनी आयपीसीच (भारतीय दंड संहिता) लागते, म्हणजे आपलं ४२०. मुद्द्याची गोष्ट अशी की सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी सांगितलंय, नुसता करार मोडला किंवा पैसे द्यायचे राहिले म्हणून फसवणूक होत नाही, पहिल्यापासून बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. तू पहिली दीड-दोन वर्षं हप्ते भरलेस ना, ती बँकेची स्टेटमेंटं काढ, ती तुझ्या वकिलाच्या हातात सोन्यासारखी आहेत.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, त्यांनी घेतलेल्या जबाबावर सही करायचीही गरज नसते, आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही, हे तर घटनेच्या कलम २०(३) मध्येच आहे. पण एवढ्यावर निश्चिंत राहू नकोस. तू दिलेला फोन, दाखवलेले चॅट, हातात दिलेले कागद हे सगळं चालतं. म्हणून मोबाईल, पासवर्ड, अकाउंटची वही, काय द्यायचं नि कसं द्यायचं हे आधी वकिलाला विचार. चॅट डिलीट मात्र अजिबात करू नको, आणि पार्टनरला फोन करून "मिटवून टाकू" म्हणू नको, तो रेकॉर्ड करत असेल, शिवाय पुरावा नष्ट केला, तक्रारदारावर दबाव आणला असं एकदा म्हटलं गेलं की जामिनालाच अडचण येते.

अटकेची भीती खरी आहे की नाही हे वकिलाला कागद बघूनच सांगता येईल. वाटली तर अटकपूर्व जामीन, सेशन्स कोर्टात किंवा हायकोर्टात, बीएनएसएसचं कलम ४८२. आणि समजा तसं झालंच, तर अटकेची कारणं सांगावीच लागतात, घरी कळवावं लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. वहिनींना वकिलाचा नंबर आजच देऊन ठेव, त्या वेळी तुझ्या हातात फोन नसेल.

वकील निवडताना एक बघ, रोज फौजदारी कामं करणारा हवा, तुझ्याच कोर्टातला. वकीलपत्र मला देऊ नको, माझा हट्ट आहे हा, प्रेम असलं तरी मी या कामाचा नाही. त्याला थेट विचार, अटकपूर्व जामिनाची कामं तुम्ही स्वतः चालवता का ज्युनिअर, फी टप्प्याटप्प्याने की एकरकमी, आणि तारखेला कोण उभं राहणार. "पीआय (पोलीस इन्स्पेक्टर) माझ्या ओळखीचा आहे, मी मॅनेज करतो" असं म्हणणारा भेटला तर तिथून उठ. तुझा हात सध्या तंग आहे ते मला माहितीये, पण पैशांसाठी हे अडवू नकोस, माझ्याकडून घे, नंतर बघू. आणि अगदीच काही जमलं नाही तर मोफत कायदेशीर मदत देणारं विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००, कोठडीतल्या माणसाला तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आज रात्री नोटिशीच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, शिक्का आणि तारीख दिसली पाहिजे. माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या फौजदारी वकिलांशी सकाळी बोलतो, तू फक्त करारनामा आणि स्टेटमेंटं एका फाईलला लावून ठेव. जेव नीट. आणि रात्री कितीही वाजता वाटलं तरी फोन कर.

तुझाच